लोकल कंटेंट किती टक्के?

चाकणच्या कुठल्याही कार कंपनीत नवं मॉडेल आलं की कॅन्टीनमधला पहिला प्रश्न ठरलेला: इंजिन कुठलं, पार्ट कुठले, की इथं नुसतं जोडायचं? गाडीवर नाव जर्मन आणि घाम खेड तालुक्याचा, हे इथल्यांना नवीन नाही. परदेशात नावाजलेल्या आपल्या सिनेमांना हाच हिशेब लावून पाहा. मोठ्या गमती निघतात.

देहूकर थेट व्हेनिसला

पहिला नंबर आपल्याच पट्ट्याचा. प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1936 मध्ये आला आणि 1937 च्या व्हेनिस महोत्सवात जगातल्या तीन उत्कृष्ट चित्रपटांत गणला गेला. नायक देहूचा. ज्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा चिंतनाला बसायचे, त्याच्या पायथ्याशी आज चाकण एमआयडीसीचे शेड पसरलेत. दिग्दर्शक दामलेमामा आणि साहेबमामा फत्तेलाल, लेखक शिवराम वाशीकर, स्टुडिओ पुण्याचा, भाषा मराठी. परदेशी पार्टनर? शून्य. कच्ची फिल्म तेवढी बाहेरची, ती त्या काळी सगळ्यांचीच बाहेरून यायची.

तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस रंगभूमीवर स्त्रीभूमिका करून आलेले. त्यांना ही भूमिका द्यायला दिग्दर्शकद्वयाची आधी कुरकुर होती, असं सांगतात. पुढे लोक पागनिसांच्याच पाया पडायला लागले. सिनेमातलं एक पद शांताराम आठवल्यांनी तुकोबांच्या वळणावर असं काही रचलं, की तो तुकारामांचाच अभंग आहे असं कित्येकांना आजही वाटतं. मुंबईच्या सेंट्रल टॉकीजमध्ये चित्रपट 57 आठवडे चालला. म्हणजे व्हेनिसचा कौल यायच्या आधीच घरचा कौल लागलेला होता. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे तो उलटा होणार आहे.

कागद हरवला, बाहुली परत गेली

व्हेनिसहून आलेलं ते मानपत्र 1974 मध्ये गहाळ असल्याचं उघडकीस आलं. तब्बल तीस वर्षांनी, 2004 मध्ये, केरळचे छायालेखक सनी जोसेफ यांच्यामुळे ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात परत आलं. भानू अथय्यांनी हा धोका वेळीच ओळखला असावा. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यातल्या भानूताई म्हणजे ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. ‘गांधी’च्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये मिळालेली ती बाहुली त्यांनी 2012 मध्ये सुखरूप राहावी म्हणून चक्क ऑस्कर अकादमीकडेच परत धाडली. आपल्या जतनसंस्कृतीला याहून खणखणीत शेरा कोणी दिला नसेल.

कस्तुरबा पुण्याच्या, पैसा बराचसा बाहेरचा

त्याच ‘गांधी’त कस्तुरबा झालेल्या रोहिणी हट्टंगडी मूळ पुण्याच्या. त्यांना ब्रिटनचा बाफ्टा मिळाला, अभिनेत्री मॉरीन स्टेपल्टन यांच्याबरोबर विभागून. कस्तुरबांनी 1944 मध्ये अखेरचा श्वास घेतला तो पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, आणि चित्रपटाचं काही चित्रीकरणही तिथेच झालं. या सिनेमाला आठ ऑस्कर मिळाले. दिग्दर्शक रिचर्ड अॅटनबरो, नायक बेन किंग्जली. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळानेही त्यात पैसे घातले होते, पण सूत्रं लंडनच्या हाती. कपडे आपले, माणसं आपली, गोष्ट तर आपलीच. बॅज तेवढा त्यांचा.

‘स्लमडॉग मिलिअनेअर’चं तेच. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटसंस्थेत ध्वनी शिकलेल्या रसूल पूकुट्टींना 2009 मध्ये ऑस्कर मिळालं, ते ब्रिटिश चित्रपटासाठी. एफटीआयआय उभी आहे ती प्रभातच्या जागेवर. ज्या आवारातून तुकोबा एकटे व्हेनिसला गेले, तिथलाच विद्यार्थी ऑस्करच्या मंचावर चढला तो दिग्दर्शक डॅनी बॉइलचं बोट धरून.

कोल्हापुरी कॅमेरा

आता यंत्रांचा हिशेब. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिस्या गहाण टाकून 1912 मध्ये लंडन गाठलं आणि विल्यमसन कॅमेरा आणला. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांना तेही परवडणारं नव्हतं, म्हणून त्यांनी कॅमेराच घरी बनवला. मदतीला हेच आपले दामलेमामा. भोसरीतल्या लेथवाल्यांनी बाबूरावांचा फोटो वर्कशॉपमध्ये लावायला हरकत नाही.

याउलट प्रभातचा ‘सैरंध्री’. रंगीत करायचा म्हणून व्ही. शांताराम जर्मनीला गेले, तिथे प्रोसेसिंग झालं आणि 1933 मध्ये पडद्यावर आला तो उडालेला रंग. फॉरेनचा माल म्हणजे हमखास पास, हा समज तेव्हाच मोडायला हवा होता.

सहा कैदी आणि एक पोलिश इंजिनियर

शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ 1958 मध्ये बर्लिन महोत्सवाचं रौप्य अस्वल घेऊन आला. कथा ग. दि. माडगूळकरांची. निर्मिती शंभर टक्के स्वदेशी. पण मुळाशी आहे औंध संस्थानातल्या स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचा प्रयोग, आणि त्या प्रयोगात महत्त्वाचा वाटा होता मॉरिस फ्रीडमन या पोलिश ज्यू इंजिनियरचा. यंत्रं सोडून माणसं दुरुस्त करायला माणदेशात आलेला हा गांधीवादी पडद्यावर कुठेच दिसत नाही. परदेशी सहभाग असावा तर असा!

‘श्वास’ची वर्गणी

2004 मध्ये संदीप सावंतांचा ‘श्वास’ ऑस्करला भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला आणि महाराष्ट्राला एक नवं सत्य कळलं: तिकडे चित्रपट नुसता चांगला असून भागत नाही, तो मतदारांना दाखवत फिरावा लागतो. प्रचाराचा खर्च निर्मात्यांच्या आवाक्याबाहेरचा. मग शाळकरी मुलांनी पणत्या विकल्या, सिद्धिविनायक मंदिराने देणगी दिली, सरकारने हातभार लावला. गणपतीच्या वर्गणीसारखी ऑस्करची वर्गणी गोळा झाली. नामांकन मिळालं नाही. वर्गणी देणाऱ्यांपैकी कुणी तक्रार केल्याचं मात्र ऐकिवात नाही.

पोरांनी दिलेलं अस्वल

अविनाश अरुणच्या ‘किल्ला’ला 2014 मध्ये बर्लिनला स्फटिक अस्वल मिळालं. परीक्षक होती लहान मुलं! कोकणातल्या पावसात हिरमुसून बसलेला त्यातला चिनू त्यांना कळला. इथे ना कुणाचा वशिला, ना ओळखपाळख.

मेक्सिकोची शिकवणी

चैतन्य ताम्हाणेच्या ‘कोर्ट’ला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीचा टेकू मिळाला होता, 2014 मध्ये त्याने व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार उचलले. मग हा पठ्ठ्या मेक्सिकोत दिग्दर्शक अल्फोन्सो कुआरॉनच्या ‘रोमा’च्या सेटवर उमेदवारी करून आला. पुढचा ‘द डिसायपल’, विषय हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत, कार्यकारी निर्माते कुआरॉन, कॅमेऱ्यामागे पोलंडचा मिखाऊ सोबोचिन्स्की. 2020 मध्ये व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार. इथे परदेशी पाहुण्यांनी ख्याल बदलायला लावला नाही, फक्त मैफलीचं दार उघडून दिलं. असा सौदा मला मान्य आहे.

छायाताई दोन्हीकडे

आता अलीकडची गंमत. एफटीआयआयच्याच पायल कपाडियाच्या ‘ऑल वी इमॅजिन अॅज लाइट’ला 2024 मध्ये कान महोत्सवात ग्रां प्री मिळाला. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट पोचला तो तीस वर्षांनी. पैसा फ्रान्स, नेदरलँड्स, लक्झेम्बर्ग, इटली आणि भारत असा पाच ठिकाणचा. गोष्ट मुंबईतल्या मल्याळी नर्सची आणि मुंबई सोडून रत्नागिरीकडच्या गावी परतणाऱ्या पार्वतीची. ही पार्वती म्हणजे आपल्या छाया कदम.

फ्रान्सने हा चित्रपट आपल्या ऑस्कर प्रवेशिकेसाठी अंतिम काही नावांत घेतला. आपल्या निवड समितीला मात्र तो भारतात घडणारा युरोपीय चित्रपट वाटला आणि धाडला गेला ‘लापता लेडीज’. त्यात स्टेशनवर चहाभजी विकणारी मंजू माई कोण? पुन्हा छाया कदमच! म्हणजे समितीने कोणतीही पाटी उलटली असती तरी मराठी पोरीचा नंबर लागलाच असता. ‘लापता लेडीज’ ऑस्करच्या पुढच्या यादीत गेला नाही.

माझं मत विचाराल तर समितीने हिशेबच चुकीचा मांडला. गाडीचा लोकल कंटेंट पार्टांवरून मोजतात, सिनेमाचा मोजायचा तो गोष्टीवरून. निधी कुठल्या देशाचा, ही अकाउंट्सची बाब झाली. खरी रड वेगळीच: 1936 मध्ये आधी आपण तिकीट काढलं, मग व्हेनिसने मान डोलावली. आता आधी कानमध्ये टाळ्या वाजतात, मग आपण शो शोधतो, आणि तोवर तो उतरलेला असतो.

पुण्याच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, म्हणजे पिफ्फमध्ये, उत्कृष्ट मराठी चित्रपटाला दिल्या जाणाऱ्या पुरस्काराचं नावच ‘संत तुकाराम’ आहे. महोत्सव बहुधा जानेवारीत असतो. पीसीएमसी स्टेशनवरून मेट्रो थेट शिवाजीनगरला जाते. या खेपेला एक सुट्टी टाका आणि परदेशी परीक्षकांच्या आधी तुम्ही बघून या.