खंडेनवमीआधीची तलवार

खंडेनवमी जवळ आली की चिंच, राख आणि पॉलिश पेपर घेऊन तलवार घासायला बसायची चाल हुबळीतल्या आम्हा मराठी घरांत अजून आहे. जुन्या पात्याचा एवढा घात गंजही करत नाही.

कोप्पीकर रोडवरच्या दुकानांमागे, गल्लीतल्या घराच्या माडीवर काकांनी तलवार धोतराच्या जुन्या फडक्यावर ठेवली. उपसताना म्यान मुठीत आवळायचं नाही; शिवण उसवलेली असेल तर धार थेट बोटांत उतरते. पातं वाकडं, घोड्यावरून ओढत कापणारं. मराठ्यांची सरळ पात्याची धोप निराळी.

शिवणयंत्राचं तेल लावून काका थांबले. तेलाला रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी मऊ सुती कापड, मुठीकडून टोकाकडे, एकाच दिशेनं. लाल भुकटी सुटेल ती पुसायची, घट्ट बसलेला काळा डाग मात्र राहू द्यायचा. तो खरवडला की खालचं पोलादही जातं. पातं खिडकीशी तिरकं धरलं, आणि पाण्यावरच्या तवंगासारखी बारीक नक्षी दिसू लागली! मुशीत वितळवून सावकाश थंड केलेलं, सुमारे दीड टक्का कार्बनचं हे दक्षिणी पोलाद. तेलंगणातल्या कोनासमुद्रमला त्याचे गोळे न्यायला इराणी व्यापारी येत. पॉलिश पेपर ही नक्षी एका दुपारीत पुसून टाकतो. पुन्हा उठवायची तर जाणता कारागीर हवा.

"मूठ उन्हात ठेवू नको रे, तापली की हलते," काका म्हणाले. पात्याचं शेपूट आत लाखेनं बसवलेलं असतं. मुठीवरच्या चांदीच्या नक्षीला नुसतं कोरडं कापड.

१८५७ साली हत्यारं जमा करण्याच्या हुकमाविरुद्ध हलगलीचे बेरड उठले, पुढल्या वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे. मग १८७८चा शस्त्रकायदा आला. एवढ्यातून या मुलखात टिकलेलं पातं आपण घरात, सणाच्या उत्साहात झिजवावं, याचं मला फार वाईट वाटतं.

पूजेत हळदकुंकू आणि झेंडूची ओली फुलं पात्यावर नकोत, खालच्या वस्त्रावर वाहावीत. दसऱ्याला बन्नीची, म्हणजे शमीची, पानं वाटून घरी आलं की पातं पुसून तेलाचा पातळ हात द्यायचा आणि कोरड्या सुती कापडात गुंडाळायचं. म्यान वेगळं ठेवायचं, कारण चामडं ओल धरतं.