एका दिवसाचे पंचांग : १२ जुलै

भिंतीवरील दिनदर्शिकेचे पान फाडण्यापूर्वी ते उलटून वाचावयाचे, ही सवय आमच्या पिढीतील बहुतेक वैद्यांना आहे. रुग्णांची गर्दी ओसरली, दुपारचे औषध कुटून झाले, की दृष्टी आपोआप त्या पानाकडे वळते. तिथी, नक्षत्र, एखादा दिनविशेष, कोपऱ्यात एखादे कोडे. वर्षातील कोणताही एक दिवस घेऊन त्याचे असेच पान आपल्या वाचकांसाठी भरावे, अशी सूचना आली तेव्हा फार विचार करावा लागला नाही. मजपुरता तो दिवस एकच आहे.

आकाश आणि ऋतू

१२ जुलैस पुण्यात सूर्य सकाळी सहा वाजून गेल्यावर उगवतो आणि सायंकाळी सव्वासातच्या सुमारास मावळतो; अर्थात तो दिसला तर. या दिवसांत सूर्य पुनर्वसू नक्षत्री असतो. आपल्या शेतकऱ्याने या पावसाला ‘तरणा पाऊस’ म्हटले आहे व त्यानंतरच्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. पुणे शहरात वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशीत, मुठा आणि तिच्या उपनद्या जेथे उगम पावतात तेथे, तो कितीतरी अधिक असतो. शहरात भुरभुर चालू असताना वर घाटात काय चालले आहे, याचा अंदाज नदीकाठच्या माणसाला नदीच्या रंगावरून येतो. घरात बसलेल्याला तो येत नाही.

वैद्याच्या दृष्टीने हा दिवस मोठा अडचणीचा. चरक व वाग्भट यांच्या गणनेप्रमाणे ज्येष्ठ-आषाढ म्हणजे ग्रीष्म आणि श्रावण-भाद्रपद म्हणजे वर्षा. म्हणजे १२ जुलैच्या आगेमागे दारात गुडघाभर चिखल झालेला असला तरी ग्रंथाप्रमाणे ग्रीष्म संपलेला नसतो! सुश्रुताने मात्र आषाढ-श्रावण हे दोन मास ‘प्रावृट्’ म्हणून स्वतंत्र मोजले आहेत, आणि आपल्या महाराष्ट्राच्या आभाळाशी तेच अधिक जुळते. बस्तीचे वेळापत्रक ठरविताना केवळ मासाच्या नावावर विसंबणाऱ्या तरुण वैद्यांनी एकदा खिडकीबाहेर पाहावे, इतकेच येथे सुचवितो. अग्नी मंद, वात प्रकुपित, पाणी अम्लविपाकी, ही लक्षणे ज्या दिवशी दिसू लागली त्या दिवशी वर्षाऋतू लागला.

वाग्भटाने वर्षाऋतूत जे वर्ज्य सांगितले आहे त्यात दिवसाची झोप, श्रम, ऊन व उदमंथ यांच्याबरोबर नदीचे पाणी आहे. या एका निषेधाशी माझा जो परिचय झाला तो पाठांतरातून झालेला नाही.

१९६१

१२ जुलै १९६१ हा बुधवार होता. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, त्यामुळे पंचांग जरा मागे रेंगाळले होते. त्या दिवशीची तिथी निज ज्येष्ठ अमावास्या. म्हणजे सुश्रुताच्या हिशेबाने ग्रीष्माचा शेवटचा दिवस, उद्यापासून प्रावृट्.

सकाळी सातच्या सुमारास आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. धरणाचे काम पुरे झालेले नव्हते. तरीही त्याच वर्षीच्या पावसाचे पाणी अडविण्याची घाई झाली होती, आणि पाणी सोडण्याच्या मार्गाचे काम अपुरे राहिले होते. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचून बांध सावरीत होते. लोंढा खाली खडकवासल्यास आला. ते एकोणिसाव्या शतकातील दगडी धरण, तेही टिकले नाही. दुपारपर्यंत लकडी पूल पाण्याखाली होता आणि नदीकाठच्या पेठांत वाडेच्या वाडे बसत होते. पुढे चौकशी नेमली गेली. न्या. बावडेकरांच्या हातून ती पूर्ण होऊ शकली नाही, न्या. नाईक यांच्या आयोगाने ती पुरी केली.

मी तेव्हा नऊ वर्षांचा होतो. वडिलांचे औषधालय नारायण पेठेत, नदीपासून फार दूर नव्हते. सकाळी ‘धरण फुटले’ अशी हाकाटी झाली तेव्हा वडिलांनी दुकानाला कुलूप लावले, आजीला पाठुंगळी घेतले आणि आम्हांस घेऊन ते चढाच्या बाजूस निघाले. पाणी आले तरी पायरीपर्यंत येईल, असा त्यांचा कयास होता. बरोबर काहीही घेतले नाही. रात्री गावात वीज नव्हती आणि अमावास्या असल्याने चंद्रही नव्हता. इतका काळोख मी त्यानंतर पुण्यात पाहिलेला नाही.

तिसऱ्या दिवशी परत आलो. दार उघडेना, आतून चिखलाने दाबून धरले होते. माळ्याच्या तुळईवर पाण्याची रेघ होती. हिरडे फुगून सुपारीचे आंबे झाले होते. चूर्णांच्या डब्यांतून खळीसारखा लगदा निघाला. वडिलांची अनुभवाची वही सापडली, पण बोरूची शाई उतरून पानापानांवर फक्त निळसर ढग राहिले होते. आश्चर्य म्हणजे आसवारिष्टांच्या चिनी मातीच्या बरण्या बहुतेक जागच्या जागी होत्या, तोंडाची कापडमाती व लाख तशीच.

येथे खरा प्रश्न उभा राहिला. पावसाळ्यापूर्वी काष्ठौषधींचा साठा करावयाचा, या प्रथेप्रमाणे वडिलांनी वैशाखातच बराच माल उधारीवर घेतला होता. तो सर्व चिखलात. चौथ्या दिवशी एक व्यापारी आला. हिरडा, बेहडा, सुंठ, जे काही आहे ते धुऊन वाळवून घेतो, निम्म्याहून कमी दर देतो, पण रोख देतो, असे म्हणाला. पुढे तो माल कोणाच्या काढ्यात जाणार हे त्याने सांगितले नाही आणि विचारण्याची गरजही नव्हती. वडिलांनी नकार दिला. परसात खड्डा खणून सर्व पुरले. हिरडे पुरताना आई रडली ते मला आठवते.

बरण्यांवरून मात्र घरात वाद झाला. धाकटे काका स्वतः वैद्य. त्यांनी शार्ङ्गधराचा आधार काढला. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, गुटिका व अवलेह वर्षाने. परंतु आसवे, धातू आणि रस जितके जुने तितके गुणाढ्य. मग बंद बरणीतील आसव का टाकावे? वडील म्हणाले, “जुने होणे वेगळे आणि बुडणे वेगळे.” सर्व बरण्या त्यांनी ओतून दिल्या. भस्मांच्या बुचाच्या शिश्या एकेक करून लाख फोडून पाहिल्या. ज्या आतून कोरड्या निघाल्या त्या ठेवल्या, बाकीच्या गेल्या. उधारी फिटावयास सहा वर्षे लागली.

वडिलांच्या निर्णयाविषयी मला आदर आहे, पण तो सर्वस्वी बरोबर होता असे मी आज म्हणणार नाही. लाख शाबूत असलेल्या निदान काही बरण्या निर्दोष असाव्यात असे मला वाटते. आज तशी वेळ आली तर प्रत्येक बरणीचा नमुना प्रयोगशाळेत धाडून, निष्कर्ष येईपर्यंत माल वेगळा ठेवता येईल. त्यांच्याजवळ तो मार्ग नव्हता. नाक, जीभ आणि शंका एवढीच साधने होती, आणि शंकेचा लाभ त्यांनी रुग्णास दिला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरास महापूर आला तेव्हा तिकडील एका स्नेही औषधनिर्मात्यांनी मला दूरध्वनी करून नेमका हाच प्रश्न विचारला : बाटल्यांचे वेष्टण भिजले आहे, झाकणाचे सील शाबूत आहे, मुदत तीन वर्षे बाकी आहे, काय करावे? वेष्टणावर छापलेली मुदत कोरड्या कपाटातील औषधाची असते, असे मी त्यांस सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, “म्हणजे टाकू.” माझ्या तोंडून ‘हो’ निघावयास वेळ लागला, कारण किती रकमेचा माल आहे हे त्यांनी आधीच सांगून टाकले होते.

पुनर्वसू

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा. पांचाल देशाची राजधानी कांपिल्य, गंगेचा काठ, उन्हाळ्याचा शेवटचा महिना. भगवान पुनर्वसु आत्रेय शिष्यांसह रानातून हिंडत आहेत. ते अग्निवेशास म्हणतात की उत्पाताची लक्षणे दिसत आहेत. भूमी विरस होण्यापूर्वी औषधी गोळा करून ठेवा. म्हणजे आमच्या वडिलांची वैशाखातील खरेदी ही नुसती व्यापारी रीत नव्हती, तिला आत्रेयांचा आधार होता. साठा कोठे ठेवावा, हे मात्र आत्रेयांनी सांगितले नव्हते.

याच अध्यायात वायू, जल, देश आणि काल ही चार बिघडली म्हणजे भिन्न प्रकृतीची माणसे एकाच वेळी मरतात, असे सांगून त्या बिघाडाचे मूळ अधर्मात व प्रज्ञापराधात दाखविले आहे. त्याचा आरंभही देश, नगर, जनपद यांच्या प्रमुखांपासून होतो, असे आत्रेय म्हणतात. विद्यार्थ्यांस हा अध्याय साथीच्या रोगांपुरता शिकविला जातो. मी शिकवीत असताना फळ्यावर एका बाजूस ‘पानशेत’ असे लिहीत असे. धरणाच्या बाबतीत पाऊस हा काल. घाई हा प्रज्ञापराध.

नामसाम्याची एक गंमत येथे नोंदवितो. नक्षत्र पुनर्वसू, आचार्य पुनर्वसु, आणि उन्हाळ्यात वाळून नाहीशी झालेली व याच पावसात मुळापासून पुन्हा फुटणारी वनस्पती पुनर्नवा. पूर ओसरल्यावर परसातील त्या खड्ड्याच्या कडेला ती उगवली होती. आईने तिची भाजी केली. त्यात काही चमत्कार नव्हता, दर पावसाळ्यात ती तेथे उगवतच असे.

आणखी काही नोंदी

१८१३ साली याच दिवशी फ्रान्समध्ये क्लॉद बेर्नार जन्मला. यकृत साखर साठविते व निर्माण करते हे दाखविणारा आणि शरीराच्या ‘आंतरिक परिसरा’ची कल्पना मांडणारा हा शरीरक्रियाशास्त्रज्ञ तरुणपणी लियाँ येथे एका औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करीत असे, हे आपल्या औषधालयवाल्या वाचकांस आवडेल. तेथे बिघडलेली, उरलेली औषधे टाकून न देता ‘थेरियाक’ नावाच्या अनेकद्रव्यी कल्पासाठी बाजूस ठेवली जात, आणि ते पाहून औषधांवरील त्याची श्रद्धा डळमळली, अशी आख्यायिका आहे. आंतरिक परिसराची कल्पना आमच्या धातुसाम्यात आधीच होती, असे काही वक्ते व्याख्यानांत सांगतात. मला ते पटत नाही. त्याने यकृतावर प्रयोग केले, आपण सूत्रे पाठ केली. दोन्ही कामे मोठी, पण एक नव्हेत. थेरियाकची गोष्ट मात्र त्या व्यापाऱ्याच्या रोख दराशी फार जुळते.

१९८२ साली याच तारखेस नाबार्ड ही बँक स्थापन झाली. इतके पुरे.

तीन कोडी

पुरानंतरच्या त्या पावसाळ्यात दुकान बंद होते. वडील रिकाम्या मापांवर आम्हां भावंडांना कोडी घालीत. त्यांपैकी एक आणि माझी दोन अशी येथे देतो.

पहिले वडिलांचे : आठ शेरांच्या भांड्यात काठोकाठ अरिष्ट आहे. जवळ पाच शेरांचे व तीन शेरांचे अशी दोनच रिकामी मापे आहेत. अरिष्टाचे दोन समान वाटे करा. थेंब सांडता कामा नये.

दुसरे : १२ जुलै १९६१ रोजी ज्येष्ठ अमावास्या होती आणि वार बुधवार. एकोणीस सौर वर्षे व २३५ चांद्रमास यांची लांबी जवळजवळ सारखी असल्याने १९८० साली त्याच तारखेस पुन्हा ज्येष्ठ अमावास्याच आली. त्या वर्षीही ज्येष्ठ अधिक होता. तर १९८० चा वार कोणता? दिनदर्शिका न पाहता सांगावा.

तिसरे : चंद्र असो वा नसो, हिचे नाव नेहमीच रात्र, रंग मात्र काळा नाही. प्रत्येक औषधालयात आहे आणि प्रत्येक स्वयंपाकघरातही.

उत्तरे : (१) आठातून पाच भरा, पाचातून तीन भरा, तीन आठात ओता, पाचातील उरलेले दोन तीनच्या मापात घ्या, आठातून पुन्हा पाच भरा, त्यातून तीनच्या मापाची उरलेली जागा भरा, म्हणजे पाचात चार राहतात, तीन आठात ओता. सात वेळा ओतावे लागते. थोरल्या भावाने हे दोन दिवसांत सोडविले. मला वडिलांनी तिसऱ्या दिवशी पाणी घेऊन करून दाखविले, तेही आडाचे. नळाला अजून पाणी आले नव्हते. (२) शनिवार. एकोणीस वर्षांचे एकोणीस वार व पाच लीप वर्षांचे पाच, मिळून चोवीस; साताने भागून बाकी तीन. (३) हळद, अर्थात निशा किंवा रजनी.