कातळाच्या पोटातली भेग

पाथरवट दगड निवडताना आधी हातोडी वाजवतो, मग निरखून बघतो. खणखणीत वाजला तर दगड घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला टाकायचा. किन्हवलीच्या आसपास, शहापूर-मुरबाडच्या सगळ्या पट्ट्यात, जात्यापासून घराच्या जोत्यापर्यंत काळाच दगड, म्हणजे बेसाल्ट. त्यामुळे इथल्या जुन्या कारागिरांचा कान तयार असतो. तो कान भेग आहे एवढं सांगतो. ती कुठे आहे आणि किती आत गेली आहे, हे सांगायला अल्ट्रासॉनिक यंत्र लागतं.

माणसाला सेकंदाला साधारण २० हजार कंपनांपर्यंतचाच आवाज ऐकू येतो. दगड-काँक्रीट तपासणारं नेहमीचं यंत्र सुमारे ५४ हजारांवर चालतं. स्फटिक दाबला की वीज निर्माण होते, हे क्युरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवलं. यंत्रात त्याच्या उलट घडतं: विजेचा झटका बसला की प्रोबमधला, म्हणजे दगडाला टेकवायच्या तुकड्यातला, स्फटिक थरथरतो आणि ती थरथर दगडात शिरते. क्युरींच्या त्या प्रयोगांतला एक स्फटिक क्वार्ट्झचा होता, म्हणजे दगडाची नाडी बघायला आधी दगडच कामी आला म्हणायचा.

समजा ३० सेंटीमीटर जाडीचा ठोकळा आहे. एका बाजूला पाठवणारा प्रोब, बरोबर समोर घेणारा. ठोकळा घट्ट बेसाल्टचा असेल तर लहर सेकंदाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास वेगाने जाते आणि पडद्यावर ५५ मायक्रोसेकंद दिसतात. तिथून वीतभर सरकून ७५ आले, तर वेग ४ किलोमीटरवर उतरला. मध्ये हवेची फट आहे आणि लहर तिला वळसा घालून आली, असा संशय घ्यायचा. फट केसाएवढी बारीक असली तरी चालते, कारण घन दगडातून हवेत शिरताना लहर जवळजवळ सगळीच परत फिरते. फक्त फट लहरीच्या वाटेत आडवी पसरलेली हवी. या लहरीची लांबीच सुमारे १० सेंटीमीटर असल्यामुळे चिमुकलं भोक तिला जाणवत नाही. हवेपाशी लहर परत फिरते म्हणूनच प्रोबखाली ग्रीस किंवा जेल लावतात. खडबडीत दगड आणि प्रोब यांच्यात हवा राहिली तर लहर आत शिरतच नाही.

इथवर सगळं सोपं आहे. घोळ होतो तो आकड्याचा अर्थ लावताना. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपल्या सह्याद्रीचा कातळ झाला. थराच्या पोटातला दगड घट्ट, माथ्याचा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि काही थरांमध्ये लाल मातकट पट्टा. सच्छिद्र दगडात भेग नसली तरी वेग कमीच भरतो. त्यात काही जण काँक्रीटचा तक्ता दगडाला लावतात. भारतीय मानकाच्या १९९२ च्या तक्त्यात ४.५ किलोमीटरच्या वर काँक्रीट 'उत्तम' ठरत असे. ताज्या घट्ट बेसाल्टला मात्र ४.५ म्हणजे शंकेला जागा आहे. आकडा तोच, निकाल उलटा!

दुसरी फसगत पावसाची. भेगेत पाणी भरलं की हवा जाते, लहर बरीचशी पार होते आणि श्रावणात तपासलेला तडकलेला दगड धडधाकट दिसतो. इथवरची लहर दाबाची होती; आडव्या थरथरीच्या लहरी मात्र पाण्यातून जात नाहीत. त्यांचंही मोजमाप घेतलं तर हे पितळ उघडं पडतं. पण ते करणारे थोडे.

यंत्राचा आवाकाही ओळखून असावं. इतक्या जलद कंपनांची लहर भेगाळ कातळात लवकर विरते. फार तर काही मीटर. माळशेजच्या कड्यात किंवा इगतपुरी-कसाऱ्याच्या बोगद्यासारख्या कामात दूरचा खडक चाचपायला सेकंदाला दहांपासून शेकड्यांपर्यंत कंपनांच्या लहरी, म्हणजे घणाचे ठोके किंवा छोटे स्फोट लागतात. भूकंपाच्या लहरी त्याच कुळातल्या, फक्त आणखी सावकाश. १९८३ मध्ये भातसा धरणाच्या परिसरात धक्के बसले, त्यातला सप्टेंबरचा सर्वात मोठा धक्का जवळपास ५ तीव्रतेचा होता. त्या वेळी भूकंपमापकांनी टिपलेल्या लहरीही याच दाबाच्या आणि आडव्या थरथरीच्या.

तेव्हा देवळाचा खांब किंवा जुन्या वाड्याचं जोतं तपासून घ्यायचं असेल, तर उन्हाळ्यात घ्या. यंत्रवाल्याला आधी त्याच जातीच्या, नक्की चांगल्या दगडाचा वेग मोजायला सांगा आणि एकाच जागी न थांबता चौफेर वाचनं घ्यायला लावा. त्याआधी जवळपास एखादा जाणता पाथरवट असेल तर त्याला हातोडी वाजवू द्या. आणि नुसता एक आकडा लिहिलेल्या अहवालाचे पैसे देऊ नका.