बोटाची भाषा

दिल्लीच्या करोल बागेत सोन्याचांदीची गलाई करणारी मराठी कुटुंबे आहेत. सांगली जिल्ह्यातील खानापूर-आटपाडीकडून पोटासाठी आलेल्या या मंडळींच्या घरात मराठी चालते, दुकानात हिंदी, आणि गल्लीत पंजाबी कानी पडते. अशा घरातील मूल दोन वर्षांचे होऊनही बोलेना, तर वडीलधारी म्हणतात, "तीन भाषांत गोंधळलंय पोर, बोलेल हळूहळू." ही समजूत सोयीची खरी, पण तिच्यापायी मोलाचे महिने वाया जातात. अनेक भाषा ऐकल्याने स्वमग्नता उद्भवत नाही.

म्हणून शब्दांच्याही आधीच्या खुणा पाहाव्यात. वर्षसव्वा वर्षाचे मूल नावाने हाक मारताच वळून पाहते. सज्जावर कबुतर बसले की बोट दाखवते आणि लगेच आईच्या तोंडाकडे बघते. तिनेही ते पाहिले ना, एवढेच त्याला हवे असते. कबुतर त्याला मिळवायचे नसते; आनंद वाटून घ्यायचा असतो. स्वमग्न मुलात नेमके हेच पुष्कळदा उणे असते. त्याला बिस्किट हवे असले, तर ते आईचे मनगट धरून डब्यावर नेऊन ठेवते, जणू तो हात म्हणजे एक अवजारच; तिच्या मुद्रेकडे मात्र पाहत नाही. बोटाला मराठी, हिंदी असा भेद नाही. त्यामुळे भाषांची सबब येथे चालत नाही.

खेळण्यातील गाडी चालविण्याऐवजी तिचे चाकच फिरवीत बसणे, कुकरच्या शिट्टीने कान झाकणे, आलेले शब्द हरपणे, याही खुणा होत. एकट्यादुकट्या खुणेवरून निदान होत नाही. लाजाळू मुलेही असतातच. परंतु शब्द हरपत असतील तर थांबू नये.

प्रथम कान तपासून घ्यावेत. डॉ. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 मुलांचे वर्णन केले, त्यांतील काहींना आधी बहिरे समजण्यात आले होते. पुढे कित्येक वर्षे आईच्या कोरडेपणाला दोष दिला गेला. तो आरोप निराधार ठरला. अनेक घरांतून मात्र तो अद्याप गेलेला नाही.

अठराव्या महिन्यानंतर शंका आली तर बालविकासतज्ज्ञांकडे जावे. करोल बागेलगत राजेंद्रनगरात सर गंगाराम रुग्णालय आहे. भारतात 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली आहे. तपासणीचा दिवस येईतो मुलाशी खेळणे, बोलणे चालू ठेवावे, आणि तेही मराठीतच. हिंदीसाठी आजीची भाषा बंद करण्याचे कारण नाही.