कार्टूनमधलं गाव खरंच असतं का?



मुलांना एकदा विचारून पाहा, "शिनचॅन कुठे राहतो?" बरीच मुलं पटकन सांगतील, "कासुकाबे!" मग पुढचा प्रश्न विचारा, "हे गाव खरं आहे की खोटं?" इथे मात्र मुलं विचारात पडतात.

उत्तर आहे, खरं! कासुकाबे हे टोकियोच्या उत्तरेला, सैतामा प्रांतातलं शहर आहे. शिनचॅनचे निर्माते योशितो उसुई स्वतः तिथे राहत होते. शहराने शिनचॅनच्या कुटुंबाला मानाने आपले 'विशेष रहिवासी' करून घेतले आहे.

ही यात्रा म्हणजे काय?

जपानी कार्टूनपटांना 'ॲनिमे' म्हणतात. त्यात दिसलेली खरी ठिकाणं पाहायला जाण्याला जपानीत 'सेइची जुनरेई' असा शब्द आहे. सेइची म्हणजे पवित्र स्थान आणि जुनरेई म्हणजे तीर्थयात्रा. २०१६ मध्ये स्थापन झालेली ॲनिमे पर्यटन संघटना अशा ८८ ठिकाणांची यादी काढते. ८८ च का? कारण जपानच्या शिकोकू बेटावरील प्रसिद्ध यात्रेत ८८ मंदिरं आहेत.

खरी जागा चित्रात येते कशी?

चित्रकार आधी त्या जागी जातात, भरपूर फोटो काढतात आणि त्यावरून मागचा देखावा रंगवतात. म्हणून गोष्ट काल्पनिक असली तरी रस्ता, जिना, स्टेशन ओळखू येतं. माकोतो शिंकाई यांच्या 'युअर नेम' (२०१६) या चित्रपटातलं इतोमोरी गाव नकाशावर सापडणार नाही. पण त्यातला शेवटचा जिना टोकियोतल्या सुगा मंदिराजवळ आहे आणि हिदा-फुरुकावा हे स्टेशन गिफू प्रांतात आहे. चित्रपटातलं वाचनालयसुद्धा तिथल्याच खऱ्या वाचनालयावरून घेतलंय.

पण तिथे माणसंही राहतात

कामाकुरा शहरात समुद्राकाठी 'एनोडेन' ही छोटी लोकल धावते. तिथलं एक रेल्वे फाटक 'स्लॅम डंक' या बास्केटबॉलच्या ॲनिमेमुळे जगभर पोहोचलं. गाडी जाते, मागे निळा समुद्र दिसतो. फोटो छानच येतो! पण त्या फोटोसाठी लोक भर रस्त्यात उभे राहू लागले. गाड्या अडतात, राहणाऱ्यांना त्रास होतो. शेवटी तिथे सुरक्षा रक्षक ठेवावे लागले.

मुलांशी बोलण्याचा खरा मुद्दा हाच आहे. आपल्याला जी जागा गोष्टीतली वाटते, ती कुणाच्या तरी रोजच्या जाण्यायेण्याची वाट असते. घर, शाळा, देऊळ, वाचनालय. कुठेही गेलो तरी आधी विचारायचं, मग फोटो काढायचा. सहलीला नेण्याआधी मुलांना हे सांगायलाच हवं.

वर्गात काय करता येईल?

इयत्ता तिसरी ते पाचवीसाठी परिसर अभ्यासाच्या तासाला हा उपक्रम घ्या:

१. जगाच्या नकाशावर जपान, टोकियो आणि कामाकुरा शोधा.

२. ॲनिमेतलं एक चित्र आणि त्याच जागेचा फोटो शेजारी ठेवा. काय सारखं आहे? चित्रकाराने काय बदललं? कुठे उभं राहून पाहिलं असेल?

३. आता आपल्या गावातली एक जागा निवडा. एसटी स्टँड, पार, विहीर, काहीही चालेल. सगळ्यांनी एकाच ठिकाणी बसून चित्र काढायचं.

४. त्या जागेवर पाच वाक्यांची गोष्ट लिहायची.

मोठ्या मुलांना कासुकाबेची आणखी एक गंमत सांगा. पुराचं पाणी एदो नदीत सोडण्यासाठी तिथे जमिनीखाली सुमारे ५० मीटर खोल, ६.३ किलोमीटर लांबीचा बोगदा आहे. तो २००६ मध्ये पूर्ण झाला. बोगद्याच्या शेवटी असलेल्या टाकीत १८ मीटर उंचीचे ५९ खांब आहेत! शिनचॅनपासून सुरू झालेला तास असा पूर नियंत्रणापर्यंत जातो.

पालकहो, "टीव्ही बंद कर" म्हणण्याआधी एखाद्या दिवशी शेजारी बसा आणि विचारा, "हे गाव कुठे असेल रे?" मग मिळून नकाशा उघडा. कार्टून पाहणारं मूल जागा निरखायला लागलं, की आपल्या गावाकडेही ते नीट पाहू लागेल.