बागेतल्या बाकाचा रंग का सोलतो?

बागेत किंवा समुद्रकिनारी लोखंडी बाक दिसला की मी आधी त्याच्या कडा आणि वेल्डिंगचे जोड बघतो. बाकावरचा रंग, म्हणजे पावडर कोटिंग, खराब व्हायला बहुतेकदा तिथूनच सुरुवात होते!

पावडर कोटिंगमध्ये कोरडी पावडर विद्युतभारामुळे धातूला चिकटते आणि भट्टीत साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसला वितळून तिचा सलग, कडक थर होतो. जाडी साधारण ६० ते ८० मायक्रॉन. धारदार कडेवर मात्र थर पातळच बसतो. तिथे ओरखडा पडला की पाणी शिरतं आणि गंज थराखालून पसरतो. खाऱ्या हवेत हे फार लवकर होतं.

टिकाऊ बाकाला काय हवं?
✅ गोल केलेल्या कडा
✅ कोटिंगआधी तेल आणि गंज पूर्ण साफ. किनाऱ्यालगत खाली जस्ताचा थर
✅ पॉलिएस्टर पावडर. नुसती इपॉक्सी उन्हात निस्तेज होते, भुकटी हाताला लागते
✅ वेल्डिंग आणि भोकं पाडणं कोटिंगच्या आधीच

देखभाल सोपी आहे: अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा, ओरखडा दिसताच टचअप करा. नगरपालिकांनी निविदेत रंगाच्या छटेबरोबर या अटीही लिहायलाच हव्यात. पैसा आपल्या सगळ्यांचा आहे!