बिघाडाची हुबेहूब नक्कल

८ डिसेंबर २०१३. अंटार्क्टिकावरच्या कार्लिनी या अर्जेंटिनाच्या संशोधन तळावर एक पारदर्शक घुमट उभारलेला. आत ‘मेटॅलिका’ हा अमेरिकी बँड आणि समोर जेमतेम सव्वाशे श्रोते. काही तिथले शास्त्रज्ञ, बाकीचे स्पर्धेतून निवडून आलेले चाहते. कानठळ्या बसवण्याबद्दल ज्याची जगभर ख्याती, तो बँड नेहमीच्या त्वेषाने वाजवत होता. पण आसपासच्या निसर्गाला त्रास नको म्हणून लाउडस्पीकर लावलेच नव्हते. श्रोते हेडफोनवर ऐकत होते. एरवी या मंडळींच्या पाठीशी अ‍ॅम्प्लिफायरच्या भिंती असायच्या. तिथे मात्र गिटारची वायर ‘अ‍ॅक्स-एफएक्स’ नावाच्या एका चपट्या पेटीत गेली होती. त्या पेटीत काचेची ट्यूब नाही, स्पीकर नाही; आहे ती आकडेमोड करणारी चिप. पुढे जगभरच्या दौऱ्यांवरही त्यांनी हीच पेटी नेली.

अशा पेटीला मॉडेलर म्हणतात. जुन्या ट्यूब अ‍ॅम्पचा आवाज गणिताने उभा करणं हे तिचं काम. ट्यूब खरी की मॉडेलर खरा, यावर गिटारवाले गेली पंचवीस वर्षं भांडताहेत. त्या भांडणात आवाजाइतकीच श्रद्धाही आहे, आणि माझ्या मते ते बहुतेक वेळा भलत्याच मुद्द्यावर चालतं.

आधी अ‍ॅम्पचं काम समजून घेऊ. विजेरी गिटार हे अर्धंच वाद्य आहे. भरीव लाकडाच्या त्या गिटारला घुमायला पोकळी नसते. तारांखालचं चुंबकीय पिकअप जो सिग्नल देतं तो व्होल्टच्या अंशात मोजायचा. वाद्याचा उरलेला अर्धा भाग म्हणजे अ‍ॅम्प. ज्यांच्या घरी जुना मर्फी रेडिओ होता त्यांना त्यातले व्हॉल्व्ह आठवत असतील. बटण फिरवल्यावर आवाज यायला थोडं थांबावं लागे, कारण आधी ते तापायचे. गिटारच्या अ‍ॅम्पमधली ट्यूब ती हीच. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी असे व्हॉल्व्ह बनवले, आणि जुने व्हॉल्व्ह धुंडाळणारे परदेशी शौकीन आजही ते विकत घेतात.

निर्वात काचेच्या नळीत एक कॅथोड तापतो आणि इलेक्ट्रॉन सोडतो. समोरच्या प्लेटवर काही शे व्होल्टचा दाब असतो, त्यामुळे इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी. या जाळीवर गिटारचा इवलासा सिग्नल सोडला की इलेक्ट्रॉनांचा मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होतो. जाळीची ही युक्ती ली डी फॉरेस्ट याने १९०६ साली काढली. पुढे टेलिफोन, रेडिओ, रडार आणि पहिले संगणकसुद्धा तिच्यावर चालले. मग ट्रान्झिस्टर आला आणि सगळ्यांनी ट्यूबला रजा दिली. दिली नाही ती गिटारवाल्यांनी आणि मूठभर हाय-फाय शौकिनांनी.

याचं कारण तिच्या दोषात आहे. सिग्नल फार मोठा झाला की लहरीचं शिखर ट्यूबमध्ये मावत नाही आणि वरून चेपलं जातं. अभियंता त्याला विकृती म्हणतो आणि ती टाळायला धडपडतो. कानाला मात्र त्या चेपण्यातून मूळ सुराचे नवे उपस्वर ऐकू येतात. आवाज जाड होतो, लांबतो, गुरगुरतो. शिवाय हे चेपणं एकदम होत नाही, हळूहळू होतं. तार हलकेच छेडली तर सूर स्वच्छ येतो, जोरात ओढली तर खरखरीत. म्हणजे विकृतीचं प्रमाण वादकाच्या बोटांत राहतं. त्यात ट्यूबच्याच रेक्टिफायरचा, म्हणजे एसी विजेची डीसी करणाऱ्या भागाचा, अ‍ॅम्प असेल तर जोरदार आघाताला आतला विद्युतदाब क्षणभर खचतो आणि मग सावरतो. वादक सांगतात की अ‍ॅम्प हाताखाली दबतो आणि परत वर येतो. यालाच ते ‘फील’ म्हणतात. मॉडेलर बनवणाऱ्यांना सगळ्यांत जास्त छळलं ते या फीलने.

गंमत अशी की हा आवाज कोणी ठरवून बनवलाच नव्हता. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर रेडिओ दुरुस्त करायचा. शिक्षणाने हिशेबनीस, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याला हवा होता स्वच्छ, निर्दोष आवाज. त्याचा ‘बासमन’ हा अ‍ॅम्प तर बास गिटारसाठी होता. साध्या गिटारवाल्यांनी तो पळवला आणि नको तितका चढवून वाजवला. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शल या ड्रमवादकाचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकांना फेंडर हवे असत, पण आयात केलेला माल महाग पडे. तेव्हा १९६२ साली त्याच्याकडच्या केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी बासमनचं सर्किट जवळपास जसंच्या तसं उचलून स्वतःचा अ‍ॅम्प बांधला. ट्रान्सफॉर्मर, ट्यूब, स्पीकर इंग्लंडात मिळतील ते घातले आणि आवाज बदलला. तोच ‘जेटीएम-४५’. ज्या मार्शलची नक्कल केली म्हणून आज मॉडेलरला नावं ठेवली जातात, तो मार्शलच मुळात एक नक्कल होता. याची आठवण करून दिली की भांडणाऱ्यांपैकी निम्मे तरी जरा गप्प होतात.

पुढचा सगळा इतिहास गैरवापराचा आहे. ‘द किंक्स’च्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली एका छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला आणि त्या चरचरीत आवाजावर गाणं गाजवलं. ‘द हू’च्या पीट टाउनशेंडला ढोलांवर आणि श्रोत्यांवर मात करायची होती, म्हणून मार्शलला शंभर वॅटचा अ‍ॅम्प बनवावा लागला. १९६६ साली जॉन मेयॉलच्या बँडबरोबर लंडनच्या डेका स्टुडिओत रेकॉर्डिंगला बसलेला एरिक क्लॅप्टन आपला मार्शल कमी करायला तयार होईना. कार्यक्रमात वाजवतो तसंच इथे वाजवणार, हा त्याचा हट्ट. त्या रेकॉर्डमधला गिटारचा आवाज पुढच्या पिढ्यांना धडा म्हणून पुरला.

अडचण इथेच आहे. ट्यूबचा गोडवा ती ताणली जाते तेव्हाच येतो, आणि ताणायची तर आवाज प्रचंड होतो. शंभरऐवजी पन्नास वॅटचा अ‍ॅम्प घेतला तर आवाज निम्मा होत नाही; फक्त तीन डेसिबलने उतरतो. गिटारवादक एडी व्हॅन हेलनने तर अ‍ॅम्पला येणारा विद्युतदाबच व्हेरिअ‍ॅक या दाब कमीजास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने खाली आणून ही कोंडी सोडवली. सामान्य माणसाला शेजारी असतात.

अ‍ॅम्पशिवाय अ‍ॅम्पचा आवाज काढायचे प्रयत्न डिजिटलच्या आधीपासून आहेत. ‘बॉस्टन’ बँडचा टॉम शोल्झ हा एमआयटीत शिकलेला अभियंता. त्याने १९८२ साली ‘रॉकमन’ हा हेडफोनवर वाजणारा छोटा डबा आणला. १९८९ साली ‘सॅन्सअँप’ आला. हे दोन्ही अ‍ॅनालॉग. डिजिटल मॉडेलर घराघरांत नेला तो ‘लाइन सिक्स’ कंपनीच्या ‘पॉड’ने, १९९८ साली. घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचा लाल डबा. आज त्याचा आवाज कोरडा आणि पातळ वाटतो, पण रात्री अकरानंतर सराव करणाऱ्याला त्याच्याइतका उपकारक दुसरा नव्हता.

सुरुवातीच्या मॉडेलरांच्या आवाजात एक धातूसारखी किरकिर असे. तिचं एक कारण गणितात आहे. डिजिटल यंत्र सेकंदाला ४८,००० वेळा नमुने घेत असेल, तर त्याला २४,००० हर्ट्झच्या वरचा स्वर मांडता येत नाही. पण विकृती म्हणजेच नवे, उंच उपस्वर. ते या मर्यादेच्या पलीकडे जातात आणि दुमडून खाली परततात. परतताना मूळ सुराशी त्यांचं काही नातं उरलेलं नसतं. ते बेसूर असतात, आणि वरची पट्टी वाजवली की नेमके टोचतात. उपाय एकच. आतली आकडेमोड कितीतरी पट जास्त वेगाने करायची, दुमडायला निघालेले स्वर गाळायचे आणि मग मूळ वेगावर यायचं. त्यासाठी ताकदवान चिप लागते. १९९८ साली ती परवडत नव्हती.

२००६ साली क्लिफ चेस यांच्या ‘फ्रॅक्टल ऑडिओ’ने पहिली अ‍ॅक्स-एफएक्स काढली. त्यांची रीत सर्किट समजून घेण्याची. कुठला रेझिस्टर, कुठला कपॅसिटर, कुठल्या क्षणी दाब किती खचेल, या सगळ्याची समीकरणं क्षणोक्षणी सोडवायची. जर्मनीच्या क्रिस्टोफ केम्पर यांनी २०११ साली उलटी वाट धरली. आत काय आहे याच्याशी त्यांच्या पेटीला देणंघेणं नाही. ती खऱ्या अ‍ॅम्पमध्ये चित्रविचित्र चाचणी-आवाज सोडते, समोरच्या माइकमधून आलेलं उत्तर ऐकते आणि त्यावरून अ‍ॅम्पचं ‘प्रोफाइल’ तयार करते. तिसरी वाट न्यूरल नेटवर्कची. गिटारचा कोरा सिग्नल आणि अ‍ॅम्पमधून आलेला सिग्नल, दोन्ही शेजारी ठेवून त्या नेटवर्कला शिकवायचं की यापासून ते कसं होतं. हेलसिंकीच्या ‘न्यूरल डीएसपी’ कंपनीने तर खऱ्या अ‍ॅम्पचे नॉब फिरवून नोंदी घेणारा रोबो बनवला आहे. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचा ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ मुक्त आणि फुकट आहे; लॅपटॉप आणि साधा ऑडिओ इंटरफेस असेल तर आज संध्याकाळी वापरून पाहता येईल.

मग ट्यूबवाल्यांची तक्रार खोटी का? नाही. तार छेडल्यावर मॉडेलरमधून आवाज उशिरा येतो, ही तक्रार तेवढी मी मानत नाही. चांगला मॉडेलर दोन-तीन मिलिसेकंद घेतो, तेवढ्या वेळात आवाज हवेतून मीटरभर जातो. अ‍ॅम्पपासून एक पाऊल मागे सरकल्याइतकाच तो फरक. पण दुसरी एक तक्रार खरी आहे आणि ती सहसा नीट मांडली जात नाही. मॉडेलर सहसा अ‍ॅम्पची नक्कल करतच नाही; तो माइकसमोर ठेवलेल्या अ‍ॅम्पची, म्हणजे रेकॉर्डिंगची नक्कल करतो. श्रोत्याने आयुष्यभर तेच ऐकलेलं असतं. स्पीकरला जवळपास चिकटवलेला शूर कंपनीचा ‘एसएम-५७’ माइक आणि त्यातून आलेला आवाज. त्यामुळे श्रोत्याला फरक कळत नाही, आणि कळत नाही यात त्याचा दोष नाही. वादकाचा अनुभव वेगळा. तो बारा इंची स्पीकरसमोर उभा असतो, हवा पोटरीवर आदळते, आणि मोठ्या आवाजाने गिटारच्या तारा पुन्हा थरथरून सूर आपोआप लांबतो. हेडफोनमध्ये हे काहीच होत नाही. त्याच मॉडेलरमधली स्पीकरची नक्कल बंद करून त्याला पॉवर अ‍ॅम्प आणि खरा गिटार-स्पीकर जोडला, तर उरलेला फरक शोधायला चांगले कान लागतात.

मॉडेलरचं मला खटकतं ते निराळं. त्याला स्वतःचा आवाज नाही. यादीत शेकडो अ‍ॅम्प असतात, बहुतेक गेल्या शतकातले, आणि ट्रेडमार्कच्या भीतीने त्यांना ‘ब्रिट’ किंवा ‘यूएस’ अशी अर्धवट नावं दिलेली. नकलेलाही वकील लागतो. फेंडर, मार्शल, क्लॅप्टन यांच्या काळात नवीन यंत्राचा गैरवापर करून नवीन आवाज सापडत होता. इथे जुन्या गैरवापराचं जतन होतं, तेही आदराने. फार थोडे लोक या पेट्यांना त्यांच्या मर्यादेपलीकडे ढकलून बघतात.

आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक तानपुरा घरोघरी गेला तो मिरजेच्या तानपुऱ्यापेक्षा गोड म्हणून नव्हे, पिशवीत मावतो आणि उतरत नाही म्हणून. मॉडेलरचंही बरंचसं तसंच आहे. फेंडरचा ८५ वॅटचा ‘ट्विन रिव्हर्ब’ भरतो सुमारे २९ किलो. २०१९ साली त्याच कंपनीने त्याचीच ‘टोन मास्टर’ ही डिजिटल आवृत्ती काढली. तेच काळं कापड, तीच रुपेरी जाळी, आणि वजन साधारण १५ किलो. तीन जिने चढून अ‍ॅम्प नेणाऱ्याला ध्वनिशास्त्र शिकवायला जाऊ नये.

ट्यूबची स्वतःची चिंताही वाढली आहे. इंग्लंडमध्ये ब्लॅकबर्नला मुलार्डचा मोठा कारखाना होता; तो गेला, अमेरिकेतलेही गेले. आज गिटारच्या ट्यूब मुख्यतः रशियातल्या सारातोव्हमधून, स्लोव्हाकियातल्या चाद्त्सामधून आणि चीनमधून येतात. मार्च २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर रशियाने निर्यातबंदी घातली तेव्हा जगभरचे दुकानदार हवालदिल झाले. काही आठवड्यांनी वाट निघाली, तोवर भाव चढले होते. उलट बाजूने एक गोष्ट ट्यूबच्या पारड्यात टाकावी लागेल. साठ वर्षांपूर्वीचा फेंडर आजही सोल्डरिंग करणारा जाणकार दुरुस्त करू शकतो. वीस वर्षांपूर्वीच्या मॉडेलरची चिप गेली तर तो भंगारात जातो.

पहिल्यांदा घेणाऱ्याला, विशेषतः मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला, माझं मत स्पष्ट आहे: मॉडेलर घ्या, आणि शेकडोंपैकी दोनच अ‍ॅम्प निवडून वर्षभर तेवढेच वाजवा. ट्यूब अ‍ॅम्प घ्यायचाच असेल तर पाच-दहा वॅटचा घ्या; शंभर वॅटचा घेऊन आवाजाचं बटण दोनवर ठेवून वाजवण्यात काही अर्थ नाही. त्याची मागची पट्टी हौसेने उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब साठून राहू शकतो. आणि अमेरिकेतला कोणी नातेवाईक जुना फेंडर घेऊन येत असेल, तर तो बहुधा १२० व्होल्टचा असेल. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावू नका, आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर आणा.